सोसायटीत कॅमेरे १६ वरून ३२ करावेत का? ठराव ठेवण्याआधी हे तपासा

प्रश्न थोडक्यात असा: ठाण्यातली चार विंगांची सोसायटी, ११२ सदनिका, खाली स्टिल्ट पार्किंग, पुढे मुख्य गेट आणि मागे कचरागाडीसाठी छोटे गेट. तीन वर्षांपूर्वी २ मेगापिक्सेलचे १६ कॅमेरे आणि एक डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारा रेकॉर्डर, बसवला. गेल्या दोन महिन्यांत पार्किंगमधून दोन दुचाकी गेल्या. फुटेजमध्ये दोन्ही वेळा एक माणूस गाडी ढकलत नेताना दिसतो, पण चेहरा कळत नाही आणि नंबरही वाचता येत नाही. व्हेंडर म्हणतो, आणखी १६ कॅमेरे लावा. सेक्रेटरी विचारतात, सर्वसाधारण सभेत तसा ठराव ठेवावा का?

सेक्रेटरीसाहेब, हा ठराव एवढ्यात ठेवू नका. तुमच्या १६ कॅमेऱ्यांनी चोर पाहिला, दोन्ही वेळा पाहिला. त्यांना तो ओळखता आला नाही आणि कोणाला वेळेत हाक देता आली नाही. तसेच आणखी १६ लावले तर चोर १६ ठिकाणांऐवजी ३२ ठिकाणी अंधूक दिसेल.

आधी कागदावर १६ ओळी काढा आणि प्रत्येक कॅमेऱ्यासमोर एकच प्रश्न लिहा: या कॅमेऱ्याने मला काय सांगायचे आहे? ‘इथे कोणी आहे का’ हा एक प्रश्न झाला. ‘आलेला माणूस आपल्यातला आहे का’ हा दुसरा. ‘हा अनोळखी माणूस नेमका कोण’ हा तिसरा, आणि ‘गाडीचा नंबर काय’ हा चौथा. या चारही प्रश्नांची उत्तरे एकाच कॅमेऱ्याकडून मिळत नाहीत. बहुतेक सोसायट्यांमध्ये सगळे कॅमेरे पहिल्याच प्रश्नासाठी लावलेले असतात आणि चोरी झाल्यावर त्यांच्याकडून तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाचे उत्तर मागितले जाते.

चेहरा का दिसला नाही, याचा हिशेब

हा हिशेब अंदाजाने करायची गरज नाही. आयईसी ६२६७६-४ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीत त्यासाठी एक साधे माप आहे: चित्रात दिसणाऱ्या जागेच्या दर मीटर रुंदीला किती पिक्सेल मिळतात. कोणीतरी आहे एवढे कळायला मीटरला २५ पिक्सेल लागतात. अंगावरचे कपडे, हातातली पिशवी असे ठळक तपशील दिसायला ६२.५. ओळखीचा माणूस ओळखायला १२५. अनोळखी माणसाची ओळख शंकेविना पटायला २५०.

२ मेगापिक्सेलचा कॅमेरा रुंदीला १९२० पिक्सेल देतो. १९२० ला २५० ने भागले की ७.६८ येतात. म्हणजे चित्रात पावणेआठ मीटरपेक्षा जास्त रुंदी मावत असेल, तर त्या चित्रातून अनोळखी माणूस ओळखण्याची आशा धरू नये. आता लेन्स पाहा. २.८ मिलिमीटरची लेन्स साधारण १०५ अंशांचा पसारा टिपते. दहा मीटरवर तिच्या चित्रात जवळपास २६ मीटर रुंदी येते. त्यामुळे ओळख पटण्याचे अंतर फक्त तीन मीटर राहते. ३.६ च्या लेन्सला ते चार मीटर, ६ च्या लेन्सला साडेसात ते आठ मीटर आणि १२ च्या लेन्सला सोळा मीटरच्या आसपास. कंपनीनुसार हे आकडे थोडे मागेपुढे होतात, पण ठरवायला एवढे पुरे.

तुमच्या गेटच्या खांबावर २.८ ची लेन्स असेल आणि माणूस बारा मीटरवर असेल, तर मीटरला साधारण ६१ पिक्सेल मिळतात. माणसाचा चेहरा सुमारे १६ सेंटिमीटर रुंद असतो, म्हणजे अख्ख्या चेहऱ्याच्या वाट्याला दहा पिक्सेल आले. डोळे, नाक, दाढी सगळे त्या दहा चौकटींत. फुटेज झूम केले की चौकटीच मोठ्या होतात, नवा तपशील त्यातून येत नाही. जे टिपलेच गेले नाही ते कोणत्याही सॉफ्टवेअरने परत मिळत नाही. चित्र ‘सुधारून’ देणारी साधने रिकाम्या जागी अंदाज भरतात आणि तो अंदाज भलत्याच माणसासारखा दिसू शकतो.

व्हेंडर विस्तीर्ण लेन्स का लावतो? कारण मोबाइलवर चित्र दाखवताना ते भरलेले दिसते, अर्धे आवार एका कॅमेऱ्यात येते आणि कमिटी खूश होते. हे चित्र दिवसा, हजर असलेल्या ओळखीच्या माणसांना पाहून पसंत केले जाते. ओळखीच्या माणसाला आपण चालीवरूनही ओळखतो, म्हणून चित्र चांगले वाटते. चोराला कोणी ओळखत नसते.

उंचीचाही असाच घोळ आहे. कॅमेरा कोणी फोडू नये म्हणून तो चार-साडेचार मीटरवर लावतात. चार मीटर उंचीचा कॅमेरा चार मीटर अंतरावरच्या माणसाकडे तीस अंशांनी खाली पाहतो. टोपी असेल तर टोपीचाच फोटो मिळतो. चेहऱ्यासाठीचा कॅमेरा २.२ ते २.५ मीटरवर हवा, म्हणजे चार मीटरवर तो कोन १५ अंशांच्या आत राहतो. फोडण्याची भीती असेल तर जाड कवचाचा डोम (घुमटाच्या आकाराचा कॅमेरा) घ्या आणि त्या कॅमेऱ्यावर नजर ठेवणारा दुसरा कॅमेरा उंचावर लावा. माणसाने मान वर करावी यासाठी मुख्य गेटच्या पायी येण्याच्या वाटेवर, कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी, एक लहान स्क्रीन लावून त्यावर त्याचेच चित्र दाखवतात. हा उपाय स्वस्त आहे आणि चांगला चालतो: आपले चित्र दिसले की नजर तिकडे जातेच.

रात्री २ वाजताचे चित्र

दुचाकी रात्री जाते, म्हणून कॅमेऱ्याची परीक्षा रात्रीच घ्यायची. खोक्यावर ‘३० मीटर नाइट व्हिजन’ लिहिलेले असते. त्याचा अर्थ ३० मीटरवर इन्फ्रारेड उजेड पोचतो आणि काहीतरी हलते आहे एवढे दिसते. ओळख पटण्याशी त्याचा काही संबंध नाही.

रात्री काय होते ते जवळून पाहू. उजेड कमी पडला की कॅमेरा आपोआप शटर जास्त वेळ उघडे ठेवतो, सेकंदाच्या २५ व्या भागाएवढे किंवा त्याहून जास्त. ताशी २० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला साडेपाच मीटर जाते, म्हणजे त्या एका चित्रात ती २२ सेंटिमीटर सरकते. दुचाकीची मागची नंबर प्लेट २०० बाय १०० मिलिमीटर असते. प्लेट स्वतःच्या रुंदीहून जास्त सरकली, मग पांढरा पट्टा दिसणार, अक्षरे कशी दिसतील? शटर ५०० व्या भागावर आणले की हीच सरक सव्वा सेंटिमीटरच्या आत येते, हजाराव्या भागावर अर्ध्या सेंटिमीटरवर. पण मग बाकीचे चित्र काळेकुट्ट होते. फक्त प्लेट चमकते, कारण ती उजेड आल्या दिशेने परत फेकते. म्हणूनच नंबरचा कॅमेरा आणि चेहऱ्याचा कॅमेरा वेगळे ठेवावे लागतात. एकाचे सेटिंग दुसऱ्याला मारक असते.

नंबरसाठी पिक्सेलही जास्त धरा. मीटरला २५० ने दुचाकीची प्लेट रुंदीला जेमतेम ५० पिक्सेल येते आणि त्यात दोन ओळींत मिळून दहा अक्षरे असतात. किमान ५०० धरा, म्हणजे चित्राची रुंदी ३.८ मीटर. बाहेर जाणाऱ्या गाडीच्या पाठीकडे पाहणारा असा एक कॅमेरा, गेटच्या एका मार्गिकेपुरता, एवढे बस. समोरून पाहणाऱ्या कॅमेऱ्यात हेडलाइट येतो आणि दुचाकीची पुढची प्लेट नेहमी सरळ नसते. गाडी ढकलत नेली असेल तर वेगाचा प्रश्नच मिटतो, पण पिक्सेलचा उरतो.

इन्फ्रारेड चित्रातला एक धोका फार कमी लोकांना माहीत असतो. त्यात रंग तर नसतातच, पण करडेपणाही खरा नसतो. काळा दिसणारा शर्ट, रंग आणि कापड कोणते आहे त्यावर, चित्रात चक्क पांढरट येऊ शकतो. ‘फुटेजमध्ये पांढरा शर्ट होता’ या एका वाक्यावर पांढरा शर्ट घातलेल्या पोराला धरून बसवू नका. गेटवर रात्रभर पुरेसा पांढरा उजेड ठेवला तर कॅमेरा रंगीत चित्रावरच राहतो आणि ही अडचण जाते. दोन एलईडी दिवे कॅमेऱ्याच्या मागून पुढे पडतील असे लावा. चार नवे कॅमेरे जे देणार नाहीत ते हे दोन दिवे देतात.

आणि कोळी. इन्फ्रारेड दिव्यांची ऊब आणि उजेड याकडे किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो, आणि लेन्सपासून दोन बोटांवर जाळे विणतो. दिवसा ते दिसतही नाही. रात्री जाळ्याच्या एकेका तंतूवर जवळचा इन्फ्रारेड पडून तो दोरखंडासारखा पांढराफटक दिसतो, कॅमेरा ‘फार उजेड आहे’ समजून सगळे चित्र गडद करतो आणि मागचे गेट अंधारात जाते. वाऱ्याने जाळे हलले की हालचाल समजून रात्रभर रेकॉर्डिंग. लांब दांड्याच्या मऊ ब्रशने महिन्यातून एकदा, गणपतीपासून दिवाळीपर्यंत दर पंधरवड्याला, सगळे कॅमेरे झाडून घ्या. डोमचे कवच मऊ ओल्या कापडाने पुसा. कोरड्या फडक्याने त्यावर चरे पडतात आणि रात्री चऱ्यांवर उजेड विखुरतो.

स्टिल्टमधून बाहेर पाहणाऱ्या कॅमेऱ्याची तक्रार उलटी असते. दिवसा मागे लख्ख उजेड, पुढे माणूस काळा. तिथे १२० डेसिबलचा खरा डब्ल्यूडीआर (लख्ख उजेडातले आणि सावलीतले दोन्ही एकाच चित्रात दाखवण्याची सोय) असलेला कॅमेरा लागतो. ‘डिजिटल डब्ल्यूडीआर’ असे लिहिलेले असेल तर ते फक्त चित्र उजळ करते. ट्यूबलाइटखाली चित्रात आडवे पट्टे फिरत असतील तर कॅमेरा ६० हर्ट्झवर राहिला आहे, तो ५० वर करा.

कॅमेरा अडवत नाही

सुरक्षेच्या साखळीत चार कड्या असतात: मनात धास्ती घालणे, घुसखोरी कळणे, घुसणाऱ्याला अडवून वेळ काढणे, आणि त्या वेळात कोणीतरी तिथे पोचणे. कॅमेरा पहिल्या कडीला थोडा हातभार लावतो, दुसऱ्या कडीला नीट जोडला तर चांगला हातभार लावतो, आणि तिसऱ्या-चौथ्या कडीला काहीच करत नाही. हँडल लॉक तुटायला काही सेकंद लागत असतील आणि वॉचमनला पार्किंगमध्ये पोचायला दोन मिनिटे, तर मधल्या वेळेचे चित्रण कितीही स्वच्छ असो, गाडी गेलीच.

धास्तीचा परिणाम किती असतो यावर परदेशात बराच अभ्यास झाला आहे. गुन्हेशास्त्रज्ञ एरिक पिझा, ब्रँडन वेल्श, डेव्हिड फॅरिंग्टन आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये ४० वर्षांच्या संशोधनाचा एकत्रित आढावा घेतला. कॅमेरे असलेल्या भागांत, नसलेल्या तशाच भागांच्या तुलनेत, एकूण गुन्हे सुमारे १३ टक्क्यांनी कमी आढळले. सर्वांत भक्कम परिणाम कार पार्किंगमध्ये होता. मारामारी, हिंसा यांवर ठळक परिणाम दिसला नाही. आणि जिथे कोणीतरी प्रत्यक्ष पाहत होते, शिवाय उजेड, पहारा असे इतर उपाय जोडीला होते, तिथेच फायदा जास्त होता. तुमचा प्रश्न पार्किंगचाच आहे, म्हणजे कॅमेऱ्यांचा उपयोग होणार आहे. फक्त एकट्या कॅमेऱ्यांचा नाही.

‘वॉचमनच्या केबिनमध्ये मोठा टीव्ही लावू, तो बघत बसेल’ ही कल्पना मात्र सोडून द्या. मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत रडार पाहणाऱ्यांसारखे एकसुरी काम लोकांना दिले होते. पहिल्या अर्ध्या तासातच लक्ष चुकू लागते असे दिसले. तुमचा वॉचमन बारा तासांच्या पाळीत गेट उघडतो, पार्सल घेतो, पाण्याचा पंप चालू करतो. सोळा चौकटींतल्या एका चौकटीत २ वाजून ४० मिनिटांनी कोणी हलले हे त्याने टिपावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. चोरीनंतर त्याचा पगार कापणे तर त्याहून.

त्याऐवजी कॅमेऱ्याने हाक द्यावी अशी सोय करा. आजकालच्या एनव्हीआरमध्ये (नेटवर्क कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर) आणि बऱ्याच कॅमेऱ्यांत माणूस किंवा गाडी ओळखून रेषा ओलांडल्यावर सूचना देण्याची सोय असते. ती सगळीकडे चालू करू नका. फक्त मागच्या गेटवर आणि कंपाउंड वॉलच्या सखल भागावर, रात्री १२ ते ५, आणि सूचना फोनवर जाण्याआधी जागेवर भोंगा व दिवा लागेल अशी. मांजर, हलणारी ताडपत्री, पावसाचे थेंब यांनी खोट्या सूचना येतात. रात्री एकापेक्षा जास्त खोटी सूचना येत असेल तर आठवड्यात सगळे फोन म्यूट करतात आणि यंत्रणा मेली म्हणून समजा. पहिले दोन आठवडे रोज सकाळी सूचना तपासून रेषा आणि संवेदनशीलता बदलत राहणे हे व्हेंडरच्या कामात लिहून घ्या.

अडवण्याचे काम लोखंडाचे. पार्किंगच्या खांबांना किंवा जमिनीत रोवलेल्या कड्यांना चाकातून साखळी घालता येईल अशी सोय करा. मागचे गेट कचरागाडी गेल्यावर कुलूपबंद, किल्ली केबिनमध्ये, रजिस्टरवर सही. आणि एक पैशाचाही खर्च नसलेला नियम: रात्री १२ नंतर बाहेर जाणारी प्रत्येक दुचाकी, विशेषतः इंजिन बंद असलेली, थांबवून स्टिकर आणि माणूस पाहिल्याशिवाय गेट उघडायचे नाही. तुमच्या दोन्ही गाड्या मुख्य गेटने गेल्या असतील तर या एका नियमाने त्या थांबल्या असत्या. त्यासाठी वॉचमनला सभासदांनी ‘मला ओळखत नाहीस का’ म्हणून झापू नये, हे मात्र सभेत ठरवून घ्या.

डिस्क, केबल, वीज

‘महिनाभराचे रेकॉर्डिंग आहे’ असे तुम्हाला सांगितले असेल, मोजून पाहा. एका कॅमेऱ्याचा प्रवाह सेकंदाला २ मेगाबिट असेल तर दिवसाला २१.६ जीबी होतात. सोळांचे ३४५ जीबी. ४ टीबीची डिस्क साडेअकरा दिवसांत भरते आणि जुने पुसले जाते. मे महिन्यात किंवा गणपतीत लोक गावी पंधरा-वीस दिवस जातात आणि आल्यावर गाडी नाही हे कळते. तोवर फुटेज गेलेले असते. ३० दिवसांसाठी सोळांना १०.४ टीबी लागतात, म्हणजे ६ टीबीच्या दोन डिस्क, त्याही सतत लिहिण्यासाठी बनवलेल्या. कॉम्प्युटरची साधी डिस्क पत्र्याच्या केबिनमधल्या उन्हाळ्यात लवकर जाते, आणि डिस्क गेली तरी स्क्रीनवर थेट चित्र दिसत राहते, त्यामुळे कोणाला पत्ता लागत नाही. दर सोमवारी एक मिनिट काढा: कोणताही एक कॅमेरा, सात दिवसांपूर्वीची रात्री ३ ची वेळ, चालवून पाहा. दिवे पेटलेत का हे पाहून डीव्हीआर चालू आहे असे मानू नका.

डीव्हीआर वॉचमनच्या केबिनमध्ये नको. ऑफिसमध्ये, कुलपाच्या जाळीदार रॅकमध्ये, हवा खेळेल असा. गेटच्या दोन कॅमेऱ्यांत मेमरी कार्ड घाला. १२८ जीबीच्या कार्डात एका कॅमेऱ्याचे जवळपास सहा दिवस मावतात, आणि कोणी डीव्हीआरच उचलून नेला तरी तेवढे हातात राहते.

केबल हा सर्वाधिक तक्रारींचा आणि सर्वांत कमी तपासला जाणारा भाग आहे. तुमच्याकडे थ्री-प्लस-वन केबलमधून (चित्र आणि वीज एकत्र नेणारी केबल) १२ व्होल्ट जात असतील. अर्धा चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेतून ६० मीटर लांब, अर्धा अँपियर नेला तर जाऊन-येऊन दोन व्होल्टच्या वर पडतात. दिवसा कॅमेरा कमी वीज घेतो म्हणून चालतो. संध्याकाळी इन्फ्रारेड पेटला की विजेची मागणी वाढते, व्होल्टेज कोसळते, कॅमेरा बंद होऊन पुन्हा सुरू होतो. ‘संध्याकाळी सात वाजता कॅमेरा लुकलुकतो’ ही तक्रार ऐकलीत की कॅमेरा बदलू नका. रात्री, इन्फ्रारेड चालू असताना, कॅमेऱ्याच्या टोकाला मल्टिमीटर लावा. ११ च्या खाली आकडा असेल तर जवळ वेगळा एसएमपीएस (१२ व्होल्ट देणारा पॉवर सप्लाय) द्या किंवा जाड केबल. केबल घेताना तारेचे टोक ब्लेडने खरवडा. आत चंदेरी दिसली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियम आहे. तिचा रोध जास्त, आणि दमट हवेत तिचे सांधे लवकर सडतात.

नवे कॅमेरे नेटवर्कचे घेतलेत तर कॅट-६ केबल एका दमात १०० मीटरपर्यंतच, आणि एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत तांब्याची तार नेऊ नका, फायबर न्या. जूनच्या पहिल्या वादळात गेटवर पडलेला झटका तांब्याच्या तारेतून चारही विंगांचे नेटवर्क स्विच जाळत जातो. बाहेरचा प्रत्येक जोड बंद डब्यात, आणि डब्यात शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी झोळावरून गळेल, आत जाणार नाही.

विजेचे गणित सोपे आहे. सोळा कॅमेरे, रेकॉर्डर आणि स्विच मिळून साधारण १५० वॉट. चांगल्या स्थितीतली १५० अँपिअर-तासांची एक बॅटरी हे सहा-सात तास ओढते. पण इन्व्हर्टरवर फक्त डीव्हीआर आणि कॅमेऱ्यांचे एसएमपीएस बाहेर, असे घडते. तेव्हा मेन स्विच पाडून एकदा प्रत्यक्ष पाहा.

चोरी झाल्यावर पहिल्या तासात

सर्वांत आधी डीव्हीआरच्या घड्याळाचा आणि मोबाइलच्या घड्याळाचा एकाच चौकटीत फोटो काढा. डीव्हीआर १६ मिनिटे पुढे असेल तर तपासात ती १६ मिनिटे महत्त्वाची ठरतात: शेजारच्या दुकानाचे फुटेज, टोलनाका, मोबाइलच्या नोंदी, सगळे वेळेवरून जुळवतात. घड्याळ आता दुरुस्त करू नका, फरक लिहून ठेवा. इंटरनेट असेल तर वेळ आपोआप जुळवण्याची सोय पुढे चालू करा.

मग घटनेच्या आधीचा आणि नंतरचा एकेक तास धरून, फक्त चोराचा कॅमेरा नव्हे तर सगळ्या कॅमेऱ्यांचे, मूळ स्वरूपात बॅकअप घ्या, ते चालवणाऱ्या प्लेअर सॉफ्टवेअरसकट. मोबाइलने स्क्रीनचा व्हिडिओ काढणे हा बॅकअप नाही. फाइल कॉपी झाल्यावर तिचा एसएचए-२५६ हॅश काढून कागदावर लिहा, तारीख-वेळ आणि सही करा. हॅश म्हणजे फाइलचा अंगठा. एक बिट बदलला तरी तो बदलतो.

याला कायद्याचे कारण आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र लागते. त्याच्या नमुन्यात दोन भाग आहेत, एक पुरावा देणाऱ्याने भरायचा आणि एक तज्ज्ञाने, आणि त्यात हॅश लिहावा लागतो. आधीच्या कायद्यातल्या कलम ६५ ब खालचा याबाबतचा महत्त्वाचा निकाल आपल्याच जालन्यातला आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज दुपारी ३ च्या मुदतीनंतर भरला गेला का, हा वाद होता, आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातले व्हिडिओ चित्रण. मागूनही प्रमाणपत्र मिळाले नव्हते. खोतकर विरुद्ध गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी सांगितले की मूळ उपकरणच न्यायालयात हजर केले नाही तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे. समोरचा देत नसेल तर न्यायालयाकडे अर्ज करून ते मागवता येते. तुमच्यासाठी याचा अर्थ इतकाच: डीव्हीआर कोणाच्या ताब्यात आहे, पासवर्ड कोणाकडे आहे, हे कमिटीच्या ठरावात नावानिशी लिहिलेले असू द्या, कारण प्रमाणपत्रावर सही त्याच व्यक्तीला करावी लागेल. पोलिसांनी डीव्हीआर जप्त केला तर पंचनाम्यात मॉडेल, सिरीयल नंबर आणि वेळेतला फरक नोंदवून घ्या.

आणि कृपा करून ते फुटेज सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. दहा पिक्सेलचा चेहरा पाहून पन्नास जण पन्नास नावे घेतात, आणि ती नावे नेहमी त्याच लोकांची असतात: पार्सल घेऊन येणारा मुलगा, नवीन लागलेला वॉचमन, कोणाच्या तरी घरी काम करणाऱ्या ताईंचा भाऊ. त्यांचे काम जाते, कधी मारही पडतो, आणि महिन्याने खरा चोर सापडला तरी ग्रुपवर माफी कोणी मागत नाही. अंधूक फुटेज कोणाला दोषी ठरवायला अपुरे आहे, आणि ज्याच्या हातात ते आहे त्याची ही जबाबदारी आहे. फुटेज पोलिसांना द्या, मागणाऱ्या सभासदाला अर्ज घेऊन, दोन पदाधिकाऱ्यांसमोर दाखवा, आणि कोणी कधी काय पाहिले याची वही ठेवा.

कॅमेऱ्यांचाच पहारा कोण करतो हेही पाहा. २०१६ मध्ये मिराय नावाच्या व्हायरसने कारखान्यातलेच पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि डीव्हीआर जगभरातून गोळा करून मोठमोठ्या संकेतस्थळांवर हल्ले चढवले. २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातले चित्रण बाहेर विकले गेल्याचे प्रकरण देशभर गाजले. व्हेंडर अनेकदा सगळ्या सोसायट्यांना एकच पासवर्ड ठेवतो. तो बदला, त्याला वेगळे मर्यादित खाते द्या, कमिटी बदलली की पासवर्ड बदला, डीव्हीआरवरचा क्यूआर कोडचा स्टिकर झाका आणि राउटरवरचे पोर्ट फॉरवर्डिंग (इंटरनेटवरून थेट डीव्हीआरपर्यंत येण्याची वाट) बंद करा. कॅमेरा कोणाच्या खिडकीत, कोणाच्या उघड्या दारातून घरात पाहत असेल तर तो फिरवा किंवा तेवढा भाग चित्रात झाका. नवे कॅमेरे घेताना बीआयएसची (भारतीय मानक ब्युरो) नोंदणी पाहा. एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांच्या सायबर सुरक्षेच्या चाचणीचे निकष बंधनकारक झाले आहेत.

मग पैसे कुठे घालायचे

माझा क्रम असा राहील. आधी गेटचे दिवे, मागच्या गेटचे कुलूप आणि पार्किंगमधल्या साखळीच्या कड्या. मग चार नवे कॅमेरे, सोळा नाहीत: मुख्य गेटच्या पायी येण्याच्या वाटेवर चेहऱ्यासाठी एक, बाहेर जाणाऱ्या मार्गिकेवर नंबरसाठी एक, मागच्या गेटवर भोंग्याला जोडलेला एक, आणि स्टिल्टमधून गेटकडे येणाऱ्या वाटेवर एक. मग डिस्क. त्यानंतर जुन्या सोळांपैकी ज्यांची लेन्स किंवा उंची चुकली आहे ते हलवा. बऱ्याचदा कॅमेरा तोच, फक्त दोन मीटर खाली आणि सहाची लेन्स, एवढ्याने काम होते.

व्हेंडरचे बिल दिवसा, मोबाइलवरचे चित्र पाहून चुकते करू नका. करारातच लिहा: रात्री ११ नंतर, गेटचे नेहमीचे दिवे असताना, सोसायटीबाहेरचा एक माणूस टोपी घालून गेटमधून चालत येईल, मग दुचाकी ढकलत बाहेर जाईल, मग तीच चालवत ताशी २० ने जाईल. रेकॉर्ड झालेल्या फुटेजमधून, थेट चित्रातून नाही, ज्यांनी त्याला कधी पाहिलेले नाही अशा तिघा सभासदांनी दहा फोटोंतून त्याला ओळखले पाहिजे आणि नंबर वाचला पाहिजे. हीच चाचणी वार्षिक देखभालीच्या करारात वर्षातून दोनदा ठेवा, एक मेमध्ये आणि एक भर पावसात जुलैमध्ये, आणि त्यात नापास झालेला कॅमेरा पंधरा दिवसांत नीट करून दिल्याशिवाय त्या तिमाहीचे पैसे सोडू नका.